खंदक : व्युत्पत्ति व अर्थविचार

मराठींत रुळलेल्या अरबी-फारसी शब्दांविषयीं लिहितांना बहुतेक लेखक शब्दाचें कुळ सांगून थांबतात. अमुक शब्द अरबी, अमुक फारसी, एवढें म्हटलें कीं जिज्ञासा पुरी झाली असें समजण्यांत येतें. परंतु शब्दाचें कुळ सांगणें निराळें, आणि तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनें आला हें सिद्ध करणें निराळें. वाट ठाऊक नसेल तर कुळाविषयींचा निर्णयहि चुकतो. आणि त्या निर्णयावर कागदपत्रांच्या कालनिर्णयासारखीं जीं कामें उभारावयाचीं, तींहि डळमळीत होतात. प्रस्तुत लेखांत ‘खंदक’ ह्या एकाच शब्दाची वाट आम्ही वाचकांपुढें मांडीत आहोंत.

(१) स्थान आणि शब्द

हाच शब्द निवडण्याचें कारण स्थानिक आहे. आमच्या सोलापुरास डोंगर नाहीं. सपाट भूमीवर किल्ला बांधावयाचा म्हणजे उंचीची उणीव खोलीनें भरून काढावी लागते. बहामनी अमदानींत उभारलेल्या, आणि पुढें विजापूर व अहमदनगर येथील सुलतानांनीं एकमेकांच्या हातून वारंवार हिसकावून घेतलेल्या, येथील भुईकोटास दुहेरी तट असून तटाबाहेर खंदक आहे. इ. स. १८८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत ह्या खंदकाची रुंदी १०० ते १५० फूट व खोली १५ ते ३० फूट दिलेली आहे. पूर्वेच्या बाजूस मात्र खंदक नाहीं. त्या बाजूला सिद्धेश्वराचा तलाव असल्यामुळें खंदकाचें काम तलावच करी.

सोलापुरांत चार भाषा शेजारीं-शेजारीं नांदतात, आणि चारहि भाषांत ह्या वस्तूला एकच नांव आहे. मराठी बोलणारा ‘तो खंदक’ म्हणतो. उर्दू बोलणारा ‘ख़ंदक़’ हा शब्द स्त्रीलिंगी योजतो. कानडींत ‘कंदक’ असें रूप आहे, आणि पद्मशाली विणकरांच्या तेलुगूंत ‘कंदकम्’. चार मुखांतील हीं चार रूपें एकमेकांशीं कोणत्या नात्यानें बांधलेलीं आहेत, आणि त्यांतील मूळ कोणतें, हा आमच्या विवेचनाचा विषय होय.

(२) शेजारचे शब्द

व्युत्पत्तीकडे वळण्यापूर्वीं अर्थ निश्चित केला पाहिजे. भूमि खणून केलेल्या लांबट खळग्यास मराठींत अनेक नांवें आहेत, पण तीं एकमेकांच्या जागीं बसत नाहींत. शेतांत पाणी मुरविण्यासाठीं किंवा पाणी काढून देण्यासाठीं जो खणतात तो ‘चर’. आमच्या दुष्काळी जिल्ह्यांत माळांच्या उतारावर जे समतल चर खणले जातात, त्यांस कोणीहि खंदक म्हणत नाहीं. ‘खाई’ ह्या शब्दांत खोलीचा आणि भयाचा भाव प्रधान आहे. ती मनुष्यानें खणलेली असेल किंवा नसेलहि. ‘खंदक’ मात्र नेहमीं मनुष्यकृत, आणि नेहमीं शत्रूला अडविण्यासाठीं किंवा शत्रूपासून लपण्यासाठीं केलेला असतो. चरांत पाणी अडतें, खंदकांत माणूस अडतो, असा भेद थोडक्यांत सांगतां येईल.

संस्कृतांत ह्या वस्तूस ‘परिखा’ म्हणतात. अमरकोशांत ‘खेय’ व ‘परिखा’ हीं दोन नांवें जोडीनें आलीं आहेत. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दुर्गाभोंवतीं तीन परिखा सांगितल्या असून त्यांची रुंदी अनुक्रमें १४, १२ व १० दंड, आणि दोहोंमधील अंतर एक दंड, असें मान दिलें आहे. परिखेंतून निघालेल्या मातीचा वप्र, म्हणजे मातीचा कोट, तटासाठीं रचावा असेंहि तो सांगतो. खणणें आणि चढविणें हीं एकाच कामाचीं दोन अंगें आहेत, हें त्यावरून ध्यानांत येतें. वस्तु म्हणून खंदक आपल्या देशास परका नाहीं. तो येथें फार प्राचीन आहे. प्रश्न आहे तो केवळ नांवाचा.

(३) पूर्वपक्ष

संस्कृत पढलेल्या माणसाच्या कानावर ‘खंदक’ शब्द पडतांच त्यास ‘खन्’ धातु आठवतो. भूमि फोडणें हा त्या धातूचा अर्थ. आणि खनक, खनित्र, खनि, परिखा हे सर्व शब्द त्याच धातूचे. मराठींत ‘खणणें’, ‘खाण’ हे त्याचेच वंशज, आणि ग्रामीण बोलींत ‘खांदणें’ हें क्रियापदहि खणण्याच्या अर्थीं ऐकूं येतें. अर्थ तोच, आद्याक्षर तेंच, अनुनासिकहि तेंच. एवढें साम्य असतां हा शब्द अरबी कसा म्हणावा? तो संस्कृत खन्-पासूनच निघाला असून यवनांनीं आपल्याकडून नेला, असें म्हणण्याकडे पुष्कळांचा कल होतो. आमच्या व्यवसायबंधूंपैकीं कित्येकांनीं हें मत आमच्यापाशीं निःशंकपणें बोलून दाखविलें आहे.

दुसरा पक्ष ह्याच्या अगदीं उलट टोकास उभा आहे. त्याच्या मतें ‘खंदक’ हा निव्वळ यावनी शब्द. सबब तो टाकून ‘परिखा’ लिहावें. ह्या विचाराची परंपरा जुनी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राजव्यवहारकोशांत राज्यकारभारांतील यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली, आणि इ. स. १९२५ मध्यें फारसी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनींच पुढें इ. स. १९३८ मध्यें ‘भाषाशुद्धि-विवेचन’ लिहिलें. ज्यानें परका शब्द टाकावयाचा त्यानें तो आधीं नीट ओळखला पाहिजे, हें पटवर्धनांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें. मात्र त्यांच्याइतका अभ्यास नसतांहि टाकण्याचा उत्साह दाखविणारे पुष्कळ.

दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसतात, तरी दोघेहि एकाच गोष्टीवर विसंबून आहेत : शब्दाच्या वरवरच्या रूपावर. म्हणून आम्ही त्या रूपाचींच तीन अक्षरें एकेक करून तपासूं.

(४) तीन अक्षरांची साक्ष

प्रथम ‘द’ घेऊं. खन् धातूचें कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित संस्कृतांत ‘खात’ असें होतें. पाणिनीच्या सहाव्या अध्यायांतील नियमानें जन्, सन् व खन् ह्या धातूंच्या अन्त्य नकारास अशा ठिकाणीं आकार होतो. म्हणून जात, सात, खात. प्राकृतांतील ‘खाइआ’ व त्यावरून आलेली आपली ‘खाई’ ह्याच मालिकेंतील. ह्या मालिकेंत न् उरत नाहीं, आणि त्याच्यापुढें द येण्यासहि वाव नाहीं. इराणी भाषांत मात्र ह्याच धातूचें रूप ‘कन्’ असें असून त्यास तोच त-प्रत्यय लागतांना न् टिकून राहतो, आणि पुढें न्-च्या सान्निध्यानें त-चा द होतो. म्हणून फारसींत खणणें ह्यास ‘कंदन्’ आणि खणलेलें ह्यास ‘कंदा’ म्हणतात. तेव्हां ‘खंदक’ शब्दांतील द इराणांतला आहे, हें उघड झालें.

ह्या इराणी धातूचा पुरावा बराच जुना मिळतो. दारियस पहिला (इ. स. पूर्व ५२२–४८६) ह्यानें नाईल नदीपासून तांबड्या समुद्राकडे जाणारा कालवा खणविला, व त्याच्या कांठीं शिलालेख उभे केले. त्यांतील प्राचीन पारसीक लेखांत कालवा खणण्याच्या आज्ञेचा उल्लेख असून ‘खणणें’ ह्यासाठीं ‘कन्तनइय्’ असें रूप आहे. येथें त अद्यापि त-च आहे. त्याचा द व्हावयास पुढचीं शतकें लागलीं.

आतां शेवटचा ‘क’. हा आपल्या बालक, पुत्रक ह्या शब्दांतील क-प्रत्ययाचा इराणी सोयरा होय. दारियसच्या शिलालेखांत सेवकास ‘बन्दक’ म्हटलें आहे. मध्ययुगीन पारसीकांत म्हणजे पहलवींत ह्या क-चा ग झाला : बन्दक-चें ‘बन्दग’. पुढें अर्वाचीन फारसींत तो ग-हि गळाला व ‘बंदा’ राहिला. तोच आपल्या मराठींत ‘बंदा’. पहलवी ‘पयादग’ म्हणजे पायीं चालणारा, आपल्या ‘पदाति’चा सगोत्र, तो फारसींत ‘पियादा’ झाला, आणि आपल्या बुद्धिबळाच्या पटावर ‘प्यादें’ झाला. पहलवी ‘पिस्तग’ तसाच ‘पिस्ता’ झाला. ह्या नियमानें पहलवी ‘कंदग’-चा फारसींत ‘कंदा’ व्हावयास पाहिजे, आणि तसा तो झालाहि आहे. तो शब्द जर थेट इराणांतून आपल्याकडे आला असता, तर आज आम्ही सोलापूरच्या किल्ल्याभोंवतीं ‘कंदा’ किंवा ‘कंदें’ आहे असें म्हणालों असतों.

तर मग ‘खंदक’ शब्दांत क आला कोठून? तो अरबांनीं राखून ठेविला. अरबांनीं हे शब्द पहलवीचा अन्त्य ग जिवंत असतांना उचलले, आणि त्या ग-चा आपल्या घशांतल्या ‘क़’-नें उच्चार केला. पिस्तग-चा अरबींत ‘फ़ुस्तुक़’ झाला, पयादग-चा ‘बैदक़’ झाला, आणि कंदग-चा ‘ख़ंदक़’ झाला. पहलवींतून फारसी वाटेनें आलेलें प्यादें क गमावून बसलें, आणि अरबी वाटेनें आलेल्या खंदकानें तो टिकविला. शब्द अरबस्तानांतून गेला ह्याचा शिक्काच तो क होय.

उरला ‘ख’. संस्कृत खन् धातूंतील महाप्राण ख आणि अरबी ख़ हे नागरी लिपींत एकसारखे दिसतात, पण उच्चारानें ते भिन्न आहेत. संस्कृत ख म्हणजे क-ला श्वासाची जोड. अरबी ख़ घशाशीं घासून निघतो. पहलवी शब्दाच्या आरंभीं साधा क होता. अरबांनीं त्याचा ख़ केला, फारसी लेखकांनीं तो तसाच लिहिला, आणि मराठींत ख़-ला जागा नसल्यामुळें त्याचा ख झाला. म्हणजे पूर्वपक्ष ज्या आद्याक्षरावर सर्वांत अधिक विसंबून आहे, तेंच संस्कृतच्या खन्-मधून आलेलें नाहीं.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं खंदक व खनन ह्यांचें नातें नाहीं. नातें आहे, आणि तें सख्खें आहे. कारण इराणी कन् व संस्कृत खन् हे एकाच मूळ धातूचे दोन वारस आहेत. परंतु तें नातें ख-मध्यें नाहीं. दिसणारें साम्य योगायोगाचें, आणि खरें नातें डोळ्यांस न दिसणारें, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. अरबी कोशकारांनींहि हा शब्द आपला म्हणून मिरविला नाहीं. बाराव्या शतकांत बगदादच्या जवालीकीनें अरबींत शिरलेल्या परभाषीय शब्दांचा जो संग्रह केला, त्यांत ख़ंदक़ फारसीवरून अरबी केलेला म्हणून नोंदलेला आहे.

(५) शब्दाचा प्रवास

अरबांत हा शब्द ज्या प्रसंगानें सर्वतोमुखी झाला, तो हिजरी सन ५ म्हणजे इ. स. ६२७ मधील मदीनेचा वेढा होय. मक्केकडील मोठें सैन्य चालून आलें असतां मदीनेच्या उघड्या असलेल्या उत्तर बाजूस खंदक खणण्यांत आला, व घोडदळास तो ओलांडतां आला नाहीं. ही युक्ति सलमान नांवाच्या पारसीक अनुयायानें सुचविली अशी परंपरा आहे. ती लढाई अरबी इतिहासांत ‘खंदकाची लढाई’ ह्याच नांवानें प्रसिद्ध आहे. युक्ति इराणची आणि नांवहि इराणचें, असा येथें शब्द व वस्तु ह्यांचा मेळ पडतो.

पुढें अरबी राज्यविस्ताराबरोबर शब्दहि पसरला. नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत अंदालुसियाकडून आलेल्या अरबांनीं क्रीट बेट घेतलें, आणि तेथें खंदकानें वेढलेलें ठाणें वसविलें. त्याच्या नांवांतील ख़ंदक़-चें ग्रीकांनीं ‘खांदाक्स’ केलें, व्हेनिसच्या लोकांनीं ‘कांदिया’ केलें, आणि कित्येक शतकें अवघ्या बेटास युरोपांत त्याच नांवानें ओळखीत. तें ठाणें म्हणजे आजचें इराक्लिओन. तुर्कींत ‘हेंदेक’, माल्टाच्या भाषेंत ‘हंदाक’, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिलींत ‘हंडाकी’, हीं सर्व त्याचींच रूपें आहेत.

दक्षिणेंत तो अरबांकडून थेट आला नाहीं. इ. स. १३४७ मध्यें स्थापन झालेल्या बहामनी राज्याची दरबारी भाषा फारसी होती. फारसी लेखक आपल्या ‘कंदा’ शब्दाबरोबर अरबी वेषांत परत आलेला ‘ख़ंदक़’-हि वापरीत. किल्ल्याच्या संदर्भांत दुसराच मानाचा ठरला. म्हणजे इराणांतून निघालेला शब्द अरबस्तानांत जाऊन, वेष पालटून, पुन्हां इराणास आला, आणि तेथून सुलतानांच्या दप्तरांतून दक्षिणेंतील किल्ल्यांवर उतरला. मराठीनें तो पुल्लिंगी केला, ‘खंदकास’, ‘खंदकांत’ अशा विभक्ति लाविल्या, आणि आपलासा केला.

आतां कानडी ‘कंदक’ व तेलुगु ‘कंदकम्’ ह्यांचा उलगडा होतो. त्या भाषांच्या नित्याच्या बोलण्यांत महाप्राण सौम्य होतात. म्हणून ख-चा पुन्हां क झाला. परंतु परिणाम असा कीं कानडींतील रूप, अरबीपूर्वीच्या इराणी रूपाशीं जवळजवळ तंतोतंत जुळून बसलें. ज्यास वाट ठाऊक नाहीं, तो केवळ साम्य पाहून म्हणेल कीं चारांत कानडी रूप सर्वांत प्राचीन, आणि तें अरबांच्याहि पूर्वीं इराणांतून आलें असावें. वस्तुतः तें दक्षिणेंतील उच्चारामुळें झालेलें रूप आहे. रूप जुनें दिसतें म्हणून शब्द जुना ठरत नाहीं, ह्याचा याहून चांगला दाखला आम्हांस आमच्याच गांवांत दुसरा सांपडत नाहीं.

(६) अर्थाचा विस्तार

मराठींत खंदकाचा मूळ अर्थ किल्ल्याभोंवतींचा खणलेला वेढा. सोलापूर, परांडा, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) ह्या भुईकोटांच्या संबंधांत हाच अर्थ येतो. इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्‍रो ह्यानें सोलापूरचा किल्ला घेतला. त्यानंतर तोफांपुढें अशा किल्ल्यांचें महत्त्व उतरलें आणि हा अर्थ हळूहळू इतिहासजमा होऊं लागला. परंतु शब्द मेला नाहीं. पहिल्या महायुद्धांत (१९१४–१८) सैनिकांनीं जमिनींत खणलेल्या आश्रयास दुसरें नांव शोधावें लागलें नाहीं. खंदक तयारच होता. मात्र पूर्वींचा खंदक शत्रूस बाहेर ठेवी, आणि आतांचा खंदक आपल्या माणसास आंत घेई, एवढा अर्थपालट झाला.

ह्याच युद्धांत सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर गेलेल्या मराठा पलटणी इराकांत कुत येथें वेढ्यांत सांपडल्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत त्या तेथें अडकून होत्या. तेथील अरबाच्या भाषेंत ख़ंदक़, आणि साताऱ्या-कोल्हापुराकडील शिपायाच्या भाषेंत खंदक. इतक्या दूर आलेल्या माणसांच्या तोंडीं त्या भूमीचाच शब्द आधींपासून होता.

येथें ‘परिखा’ शब्दाची मर्यादाहि दिसून येते. त्यांतील ‘परि’ उपसर्गाचा अर्थ ‘सभोंवार’ असा आहे. दुर्गास वेढणाऱ्या खंदकास तो शब्द उत्तम शोभतो. पण रणभूमीवर वेडावांकडा जाणारा शिपायांचा खंदक कशासहि वेढीत नाहीं, त्यास परिखा म्हणतां येत नाहीं. म्हणून एकाच्या जागीं दुसरा बसविल्यानें भाषा शुद्ध न होतां तिचा एक अर्थ उणा होईल. दुर्गशास्त्रावर लिहितांना परिखा लिहिण्यास आमची हरकत नाहीं. आम्ही स्वतः लिहितों. पण खंदक हा परका म्हणून काढून टाकावयाचा, तर ज्या धातूपासून तो झाला त्याच धातूच्या संस्कृत शाखेंतील शब्द त्याच्या जागीं आणून आपण काय साधलें, ह्याचा विचार व्हावा. उलट, तो खन्-चा म्हणून स्वदेशीच आहे असें सांगून त्यास ठेवून घेणेंहि योग्य नव्हे. तो आपल्या भाषेंत राहिला आहे तो आपल्या कामानें. त्यासाठीं त्यास खोटें कुळ जोडून देण्याची गरज नाहीं.

(७) संशोधकास उपयोग

शब्दाची वाट ठरल्यानें संशोधकाच्या हातीं एक साधन येतें. एखादा लेख किंवा सनद स्वतःस यादवकालीन म्हणवीत असेल, आणि तींत किल्ल्याच्या वर्णनांत ‘खंदक’ शब्द सहजपणें आला असेल, तर त्या कागदाची अधिक तपासणी केली पाहिजे. हा शब्द खन्-पासून स्वतंत्रपणें झाला असें मानणाऱ्यास ही शंकाच येणार नाहीं, आणि बनावट कागद त्याच्या नजरेखालून सुटून जाईल. मात्र उलट बाजूहि ध्यानांत ठेवावी. जुन्या मजकुराची नक्कल करणारा कारकून आपल्या काळचा ओळखीचा शब्द नकळत घालतो. तेवढ्यावरून मूळ मजकूर खोटा ठरत नाहीं; नक्कल उत्तरकालीन एवढेंच ठरतें. एका शब्दानें शंका घ्यावी, निर्णय मात्र अक्षर, कागद, शिक्का व मजकूर ह्या सर्वांच्या साक्षीनें द्यावा.

ज्या वाचकांच्या संग्रहीं जुनीं दप्तरें असतील, त्यांस आमची विनंति आहे कीं हा शब्द आढळेल तेथें तीन गोष्टी नोंदवाव्या : कागदाची मिति, तो अस्सल आहे कीं नक्कल, आणि शब्द किल्ल्याच्या खंदकास लाविला आहे कीं अन्य खणलेल्या जागेस. चर, खाई, परिखा हे शब्द त्याच कागदांत असतील तर तेहि सोबत नोंदवावे. अशा नोंदी जमल्या म्हणजे मराठींत ह्या शब्दानें कोणत्या काळीं कोणती जागा घेतली, हें अनुमानाऐवजीं मितीनें सांगतां येईल.